सागराची शुचिता आणि तेलउद्योगाचे दायित्व

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा सारांश)



मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, आज 'मुंबई हाय' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्षेत्रात १९७४ साली 'सागरसम्राट'ला तेल सापडले आणि १९७६ पासून तेथे उत्पादन सुरू झाले. देशाच्या ऊर्जा-स्वावलंबनातील तो अभिमानास्पद अध्याय होय. परंतु ज्या सागराने हे धन दिले, त्याच सागरावर कोळी बांधवांची चूल पेटते. म्हणूनच समुद्राच्या पाण्याची शुद्धता हा केवळ तंत्रज्ञांचा विषय उरत नाही.

विहिरीतून निव्वळ तेल येत नाही. त्याबरोबर भूगर्भातील खारे पाणीही वर येते आणि विहीर जुनी होत जाते तसे त्याचे प्रमाण बहुधा वाढते. हे पाणी प्रक्रिया करून समुद्रात सोडले जाते. पर्यावरण (संरक्षण) नियमांनुसार ९५ टक्के नमुन्यांत तेलाचे प्रमाण लिटरमागे ४० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये आणि १०० मिलिग्रॅमची मर्यादा तर कधीही ओलांडता येत नाही. हे माप दुसरे पाणी मिसळून सौम्य न करता घ्यावयाचे असते. 'सागर अथांग आहे, सारे विरून जाईल' या पळवाटेला कायद्याने येथे बांध घातला आहे.

तथापि, रोजचे नमुने घेणारा हात उत्पादकाचाच असतो आणि ते आकडे कोळीवाड्यापर्यंत सहसा पोहोचत नाहीत. खरी उणीव येथे आहे.

दुर्लक्षाची किंमत फार मोठी असते. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हायमधील फलाटाला जहाज धडकून आग लागली. २२ जणांचा मृत्यू झाला. सागरी तेलउद्योगाच्या सुरक्षिततेचे स्वतंत्र नियम त्यानंतर, २००८ साली आले. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या मालवाहू जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन तेल सांडले, खारफुटी काळवंडली. नारळी पौर्णिमा तोंडावर असताना मासळीचा बाजार बसला. अपराध ज्यांचा नव्हता, त्यांच्याच ताटातील घास गेला.

तेलगळतीच्या वेळी देशभरातील समन्वयाचे दायित्व तटरक्षक दलाकडे आहे व ते दल आपले कर्तव्य निष्ठेने बजावते. पण गळतीनंतरची धावपळ म्हणजे प्रतिबंध नव्हे. पाण्याची तपासणी त्रयस्थ संस्थेकडून व्हावी, तिचे निष्कर्ष प्रत्येक मासळी बंदरावर मराठीत लावले जावेत आणि तवंग प्रथम पाहणाऱ्या मच्छीमाराच्या शब्दाची अधिकृत नोंद घेतली जावी. यासाठी नवा कायदा लागेलच असे नाही. जागरूक समाज मात्र हवा. मच्छीमार सहकारी संस्थांशी संपर्क ठेवून कार्यकर्त्यांनी हा आग्रह धरला पाहिजे.

विकास हवाच, स्वावलंबनही हवे. परंतु सागराला नारळ अर्पण करणाऱ्या समाजाने त्याच सागरात काय सोडले जाते, याचा हिशेब मागितला नाही, तर ती पूजा अपुरीच राहील.