अर्धा कोयता

दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूरच्या डोंगरभागातून ऊसतोडीसाठी बिऱ्हाडे निघतात. मुकादमाच्या हिशेबी पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’; एकटा पुरुष अर्धाच. असे असूनही बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 2001 मध्ये 894 असलेल्या मुली 2011 मध्ये 807 वर आल्या. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा 1994 चा कायदा कागदावरच राहिला काय? सून हवी, पण लेक नको, हा हिशेब जुळावा कसा? वंशाच्या दिव्यासाठी ज्यांनी लेक नाकारली, त्यांचेच मुलगे आज वधूची वाट पाहत आहेत. शेजारच्या अंबाजोगाईत योगेश्वरीची ओटी भरायची आणि घरच्या लक्ष्मीला जन्मच नाकारायचा, ही उपासना नव्हे. जिच्यावाचून कोयता अर्धा, तिच्यावाचून कुळ पूर्ण कसे होईल?