स्वयंपाकघर नावाची आघाडी

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या निवासी शिबिरात ‘प्रचारसाहित्य आणि आपण’ या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

माझा विषय वाचून सकाळी चहाच्या वेळी दोघीतिघींनी विचारलं, “कार्टून? आणि तीही दुसऱ्या महायुद्धातली? आपल्या वस्तीशी त्यांचा काय संबंध?” प्रश्न रास्त आहे. म्हणून मी तिथवर कशी पोचले, ते आधी सांगते.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर पहिल्या नोकरीत माझ्याकडे रक्तक्षयाचा एक चित्रसंच आला. सहा चित्रं होती. पहिल्यात बाई सगळ्यांना वाढते आणि उरलंसुरलं खाते. दुसऱ्यात तिला चक्कर येते. मग दवाखान्यातली ताई तिला रागावते, गोळ्या देते. बाई गोळ्या फडताळात टाकून देते, पुन्हा आजारी पडते, शेवटी शहाणी होते आणि हसते. मी हा संच वस्त्यावस्त्यांतून उत्साहाने दाखवत होते. एका दुपारी मागे बसलेल्या एका मावशींनी विचारलं, “ताई, हिच्या घरात दुसरं कोणी राहत नाही का? सहा चित्रांत नवरा एकदाही दिसला नाही. आणि गोळ्या दवाखान्यात असतात तरी का, तेही काढा की एखाद्या चित्रात.” बायका हसल्या. मीही हसले, पण आतून वरमले. माझ्या पदवीने मला जे दिसू दिलं नव्हतं, ते त्यांना पहिल्याच वेळी दिसलं होतं.

तेव्हापासून मी प्रचाराची जुनी चित्रं, फिल्म शोधून पाहायला लागले. शिकवणाऱ्या माणसाच्या मनात समोरची व्यक्ती कोण असते, हे त्यातून कळतं का, एवढंच मला पाहायचं होतं. त्या शोधात युद्धकाळातली ही अमेरिकन कार्टून सापडली. ती सरकारी पैशाने झाली, त्यातली बरीचशी आता इंटरनेटवर सहज पाहता येतात. एकच सरकार, एकच युद्ध, पण सैनिकाला शिकवण्याची रीत एक आणि घरातल्या बाईला शिकवण्याची दुसरी! आज मला हेच मांडायचं आहे.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. लाखो तरुण अचानक सैनिक झाले. कोणी शेतातून आलेले, कोणी कारखान्यातून, काहींचं शिक्षण बेताचं. त्यांना मच्छरदाणी वापरा, गुपितं बोलू नका, शस्त्रं जपा, हे शिकवायचं होतं. पुस्तिका देऊन भागत नव्हतं. तेव्हा फ्रँक काप्रा या प्रसिद्ध दिग्दर्शकाच्या हाताखालच्या लष्करी चित्रपट पथकाने एक पात्र तयार केलं, प्रायव्हेट स्नाफू. प्रायव्हेट म्हणजे साधा शिपाई. ‘स्नाफू’ हा सैनिकांच्या शिवराळ बोलीतला शब्द. ‘सगळं नेहमीसारखंच, म्हणजे बट्ट्याबोळ’ असा त्याचा सभ्य अर्थ लावता येईल. पुढे मुलांचे लाडके लेखक डॉ. स्यूस म्हणून गाजलेले थिओडोर गाइझेल यातल्या अनेक पटांच्या लेखनात होते. चित्रं वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत झाली, आणि बग्ज बनीला ज्याचा आवाज होता त्या मेल ब्लँकनेच स्नाफूला आवाज दिला. १९४३ ते १९४५ या काळात असे पंचवीसहून जास्त छोटे पट निघाले. ते फक्त सैनिकांना दाखवले जात, त्यामुळे सिनेमागृहांची सेन्सॉरशिप त्यांना लागू नव्हती.

स्नाफू आळशी आहे, बढाईखोर आहे, सतत कुरकुरतो. वरिष्ठांना नावं ठेवतो. दर पटात चूक करतो आणि कित्येकदा त्यापायी मरतोसुद्धा, पण पुढच्या पटात पुन्हा हजर! ‘स्पाइज’ (१९४३) मध्ये त्याला एक गुपित माहीत असतं. दारू पीत पीत तो ते थोडं थोडं सगळीकडे सांडत जातो. शेवटी त्याची बोट बुडते, तो थेट नरकात पोचतो आणि विचारतो, माझं गुपित फोडलं कोणी? उत्तर म्हणून त्याच्यासमोर आरसा धरला जातो.

यात शिकवणं किती हुशारीचं आहे पाहा. इथे उपदेश नाही. सैनिकाला त्याच्याच भाषेत, त्याच्याच शिव्यांसकट, त्याच्यासारखाच एक माणूस दाखवलेला आहे. तो चुकतो म्हणून हसू येतं, पण तो आपलाच वाटतो. कुरकुर करण्याचा त्याचा हक्कही मान्य केलेला आहे. लष्करासारख्या हुकमावर चालणाऱ्या संस्थेला हे कळलं होतं की माणसाला खाली पाहायला लावून तो शिकत नाही.

आता घराकडे वळू. युद्ध सुरू होताच डिस्नेच्या स्टुडिओत लष्कराने मुक्काम ठोकला आणि युद्धाच्या वर्षांत तिथलं बरंचसं काम सरकारसाठीच होऊ लागलं. जानेवारी १९४२ मध्ये ‘द न्यू स्पिरिट’ आला. त्यात डोनल्ड डक आयकर भरायला शिकतो. त्याच वर्षी युद्ध उत्पादन मंडळासाठी केलेला एक पट आला. त्याच्या नावाचा अर्थ साधारण ‘तव्यातून थेट रणांगणात’. मिनी माऊस स्वयंपाक करते आहे. तव्यातली उरलेली चरबी ती प्लूटो कुत्र्याच्या ताटलीत ओतणार, एवढ्यात रेडिओतून पुरुषाचा आवाज येतो, थांबा! ही चरबी फेकू नका. त्यातून ग्लिसरीन निघतं, ग्लिसरीनपासून स्फोटकं होतात. मग तोफगोळे, बुडणारी शत्रूची जहाजं अशी दृश्यं येतात. चरबी गाळा, डब्यात भरा, थंड ठेवा, खाटकाकडे नेऊन द्या, अशा सूचना येतात. भिंतीवर सैनिकाच्या वेशातल्या मिकीचा फोटो आहे. प्लूटो त्याला सलाम करतो आणि डबा खाटकाकडे पोचवतो.

मैत्रिणींनो, मिनी या पटात काय करते? ऐकते. ती चूक करण्याआधीच तिला थांबवलेलं आहे. रेडिओला ती उलट प्रश्न विचारत नाही, कुरकुरत नाही, विनोद करत नाही. स्नाफूला मोकळं तोंड दिलं, मिनीला कान दिले. माझ्या चित्रसंचातली बाई मला इथे भेटली. तिच्याही घरात पुरुष फोटोपुरताच होता, आणि माझ्या संचात तर तेवढाही नव्हता.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. त्या चरबीला खाटकाकडे पौंडाला ४ सेंट मिळत, पुढे रेशनचे जादा पॉइंटही मिळू लागले. म्हणजे सरकारने चरबीची किंमत ठरवली. ती गाळणारे, जपणारे, दुकानापर्यंत नेणारे हात मात्र फुकट धरले. बाईचं काम देशकार्य म्हणून गौरवलं गेलं, पण श्रम म्हणून मोजलं गेलं नाही. हा हिशेब आपल्याला नवा नाही.

सैनिकांच्या पटांत बाई कुठे दिसते, तेही पाहू. ‘स्पाइज’ मध्ये स्नाफूकडून गुपित काढून घेणारी हेर म्हणजे दारूच्या गुत्त्यातली एक सुंदर बाई. ‘बूबी ट्रॅप्स’ (१९४४) मध्ये शत्रूने लपवलेले बाँब ज्या बाहुल्यांत असतात, त्या बायकांच्या आकाराच्या. मलेरियाचं तर विचारूच नका. १९४४ च्या एका पटात मलेरिया माइक नावाचा पुरुष डास स्नाफूच्या मागे लागतो. खरं तर चावते ती मादी, पण तेव्हा शास्त्राकडे काणाडोळा केला गेला. १९४५ मध्ये ॲनी नावाची मादी आली. अॅनोफेलिस या डासाच्या जातीवरून तिचं नाव बेतलेलं. तिला उतारवयाला लागलेल्या, वेश्यावस्तीतल्या बाईसारखं रंगवलं आहे. आपले जुने दिवस आठवत ती सैनिक कसे जाळ्यात येत ते सांगते. मादी डास दाखवणं शास्त्राला धरून आहे. पण तिला ‘तसली’ बाई करायला शास्त्राची गरज नव्हती. डास पुरुष असला की तो नुसता शत्रू, बाई असली की भुलवणारी!

मग चांगली बाई कुठे आहे? ती घरी आहे. ‘द होम फ्रंट’ (१९४३) मध्ये बर्फाळ प्रदेशात गारठलेला स्नाफू मनात म्हणतो, घरचे मजा मारत असतील, माझी मैत्रीण दुसऱ्याबरोबर फिरत असेल. तेव्हा एक परी प्रकटते. परी म्हणजे पंख लावलेला, दाढीचे खुंट वाढलेला एक शिपाईच. तो त्याला खरं घर दाखवतो. वडील रणगाडे बनवताहेत, म्हातारे आजोबा जहाजाच्या कामावर आहेत, आई भाजीपाला पिकवते आहे आणि मैत्रीण लष्कराच्या महिला दलात भरती झाली आहे. पट गमतीदार आहे आणि बाईचं काम त्यात दिसतं, हे मान्य करायला हवं. पण कशासाठी दिसतं? स्नाफूची शंका फिटावी म्हणून. बाई घराबाहेर पडली, हातात काम आलं, गणवेश आला; तिला स्वतःला त्यात काय वाटलं, हा प्रश्न कोणालाही पडलेला नाही.

इथे कोणी म्हणेल, समोर हिटलर होता, अशा वेळी हे प्रश्न कसले काढता? फॅसिझमविरुद्धचा तो लढा खरा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. डिस्नेच्याच ‘एज्युकेशन फॉर डेथ’ (१९४३) मध्ये नाझी राजवट एका लहान मुलाला घडवत घडवत माणूसपणातून कसं उठवते ते दाखवलं आहे, आणि ते पाहून आजही अंगावर काटा येतो. पण त्याच काळातल्या कार्टूनमध्ये जपानी माणसं दात पुढे आलेली, माकडासारखी रंगवली जात होती आणि त्याच देशात जपानी वंशाच्या एक लाखाहून जास्त लोकांना घरांतून उठवून छावण्यांत डांबलं होतं. कारण न्याय्य असलं म्हणून प्रचार आपोआप न्याय्य होत नाही. ‘आधी मोठा लढा, मग बायकांचे प्रश्न’ हे तर आपण आपल्याच मित्रसंघटनांकडून किती वेळा ऐकलं आहे!

आता पडद्यामागे जाऊ. ही चित्रं रंगवत कोण होतं? कागदावरचं प्रत्येक चित्र पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईने गिरवायचं, मग उलट्या बाजूने रंग भरायचे. एका मिनिटाच्या पटाला अशी शेकडो चित्रं लागत. डोळे आणि मान मोडणारं हे काम मोठ्या स्टुडिओंत मुख्यतः बायका करत. चित्रांना हालचाल देणं हे ‘सर्जनशील’ काम पुरुषांचं. १९३८ साली नोकरी मागणाऱ्या एका तरुणीला डिस्ने स्टुडिओने लेखी कळवलं होतं की सर्जनशील काम तरुण पुरुषच करतात, बायकांना ते दिलं जात नाही. युद्धाच्या सुमारास ही भिंत थोडी भेगाळली. ‘बँबी’ (१९४२) च्या श्रेयनामावलीत रेटा स्कॉट हे नाव अॅनिमेटर म्हणून झळकलं. त्या स्टुडिओत असं श्रेय मिळालेली ती पहिली बाई.

इंग्लंडमध्ये जॉय बॅचलरने जॉन हलास यांच्याबरोबर १९४० मध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला आणि युद्धकाळात सरकारसाठी डझनावारी छोटे पट केले. त्यांच्या ‘डस्टबिन परेड’ (१९४२) चा विषय मिनीच्या चरबीसारखाच, टाकाऊ वस्तू युद्धासाठी जपण्याचा. पण तिथे नायक आहेत ते हाडूक, टूथपेस्टची ट्यूब असल्या कचऱ्यातल्या वस्तूच. त्या स्वतःच भरती व्हायला निघतात! बाई होती म्हणून पट असा झाला, असा सोपा निष्कर्ष मी काढत नाही. बाईला दटावल्याशिवायही हीच गोष्ट सांगता येते, एवढं मात्र त्यातून नक्की दिसतं.

आणि युद्ध संपल्यावर? कारखान्यात जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी अमेरिकन सरकारने १९४३ पासून पाळणाघरांना पैसा दिला होता. १९४६ मध्ये तो थांबला आणि बहुतेक पाळणाघरं बंद झाली. ज्या हातांना आघाडी म्हटलं होतं, त्यांना घरी परत पाठवलं गेलं. शिकवणारं कार्टून मात्र थांबलं नाही. १९४६ मध्येच डिस्नेने सॅनिटरी नॅपकिनच्या कंपनीसाठी पाळीवर दहा मिनिटांचा पट केला आणि शाळाशाळांतल्या लाखो मुलींनी तो पाहिला. पाळीबद्दल उघड बोलणारा पट त्या काळात निघाला, हे मोठंच. पण त्यात स्राव पांढरा दाखवला आहे आणि मुलींना सांगितलं आहे की नीटनेटकं राहा, चेहरा हसरा ठेवा. माझ्या सहाव्या चित्रातली हसरी बाई तुम्हाला आठवली असेल.

हे सगळं आपल्याकडेही आलं. १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग उभा राहिला, तेव्हा डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स तिथल्या कलावंतांना शिकवायला आले होते. पुढे त्या संस्थेतून कुटुंब नियोजनावरची कार्टूनही निघाली. आपण वस्तीत नेतो ते तक्ते आणि चित्रसंच याच शिकवणाऱ्या चित्रांच्या गोतावळ्यातले.

शेवटी माझ्या चित्रसंचाबद्दल. त्या मावशींना आणि आणखी चौघींना घेऊन आम्ही तो नव्याने काढला. हात माझा, गोष्ट त्यांची. आता पहिल्या चित्रात सगळं घर जेवायला बसलेलं आहे आणि कोणाच्या ताटात काय आहे ते दिसतं. गोळ्या संपलेल्या दवाखान्याचं चित्र आहे. आणि बाई दोन ठिकाणी चक्क कुरकुरते. एका मावशींनी तिच्या तोंडी घातलेलं वाक्य इतकं झणझणीत होतं की छापताना आम्ही ते जरा मवाळ केलं. ती आमची भीती होती, हे कबूल करते. नवा संच उघडला की बायका मध्येच बोलायला लागतात आणि सहा चित्रं क्वचितच पूर्ण होतात.

दुपारच्या गटचर्चेत आपापले तक्ते भिंतीवर लावा आणि मावशींच्या नजरेने पाहा. आवाज कोणाचा आहे? चुकतं कोण? चित्रातून कोणाला वगळलं आहे? आणि शहाणपण शिकवण्यासाठी आपण बाईला गप्प तर केलं नाही ना? मिनीला रेडिओला काहीतरी विचारायचं असेलच. आपल्या चित्रातल्या बाईला तरी ते विचारू द्या.

एवढं बोलून थांबते.