‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके काय?



आचोळ्याचा माणूस दाखल्यासाठी दिवसाच्या रोजावर पाणी सोडून कचेरीत जातो आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढे ऐकून मुकाट्याने परततो. आमच्या मते हे निदान नव्हे. वैद्याने ‘प्रकृती बरी नाही’ म्हणून थांबावे, तसे हे झाले.

सर्व्हर म्हणजे मागणी ऐकून उत्तर देणारा सेवक. त्याच्या यंत्राला अंकांचा पत्ता असतो आणि त्यावर क्रमांकित दारे असतात. या दारांना ‘पोर्ट’ म्हणतात. शेजारचे सोपारे, म्हणजेच शूर्पारक, प्राचीन काळी नामांकित बंदर होते. गलबताला बंदराचा ठाव हवा, वाट मोकळी हवी आणि धक्क्यावर माणूस हजर हवा. येथेही तसेच आहे.

जोडणी तीन पावलांनी होते. ग्राहक विचारतो, ‘येऊ का?’ सेवक म्हणतो, ‘या.’ ग्राहक त्याची पोच देतो. गाडे कोठे अडले, हे उत्तराच्या तऱ्हेवरून कळते. नावच सापडले नाही, तर नावपत्त्याच्या नोंदीत दोष आहे. तत्काळ नकार आला, तर यंत्र बहुधा जिवंत आहे. फक्त त्या दारी कोणी ऐकत नाही. सेवक बंद असेल, दाराचा क्रमांक चुकला असेल किंवा सेवक १२७.०.०.१ या घरच्याच पत्त्यावर कान देऊन बसला असेल. निव्वळ मौन असेल, तर यंत्र बंद आहे, वाट तुटली आहे किंवा फायरवॉल नावाचा पहारेकरी निरोप गिळतो आहे. जोडणी होऊनही प्रवेश नाकारला, तर परवलीचा शब्द तपासावा. गर्दीचेही कारण असते: पोस्टग्रेस हे माहितीचे कोठार मुळात एका वेळी शंभरच जोडण्या घेते.

म्हणून शोध आतून बाहेर करावा. प्रथम सर्व्हरच्याच यंत्रावरून, मग शेजारच्या यंत्रावरून, शेवटी बाहेरून जोडून पाहावे. नोंदवही वाचावी आणि एका वेळी एकच बदल करावा. उठल्यासुटल्या यंत्र बंद-चालू केल्याने पुरावा मात्र नाहीसा होतो.

हे ज्ञान केवळ तंत्रज्ञांचे नव्हे. महाराष्ट्रात २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत देण्याचे बंधन घातले आहे. तेव्हा नागरिकाने खिडकीपाशी नम्रपणे विचारावे: ‘नकार येतो की मौन? केव्हापासून? कोणाला कळविले?’ विचारणारा भेटला, म्हणजे शोधणाराही जागा होतो.