आठजण एकत्र उभे



पॅसिफिक महासागरात तुवालू नावाचे राष्ट्र आहे. बेटे नऊ, जमीन अवघी २६ चौरस किलोमीटर, वस्ती दहा-अकरा हजारांची. नदी नाही, डोंगर नाही. पाणी प्यायचे ते पावसाचे. जमीन पोवळ्याची, म्हणून खोल खड्डे खणून, पाचोळ्याचे खत घालून पुलाका नावाचा अळूसारखा कंद पिकवतात. जोडीला नारळ आणि मासळी.

यावर पोट भरते, पण तांदूळ, तेल, औषधे बोटीनेच येतात आणि त्यांना रोकड लागते. म्हणून तिथले तरुण परदेशी जहाजांवर खलाशी झाले. १९८७ मध्ये सरकारने परराष्ट्रांच्या मदतीने एक कायम निधी उभारला.

पण खरी दौलत समुद्रात, ट्यूना माशांची. मोठी जहाजे परक्यांची. प्रत्येक बेट एकेकटे सौदा करी, तोवर जहाजवाला म्हणे, ‘दर परवडत नाही, शेजारी जातो.’ गिरणीच्या दारात एकट्या उभ्या राहिलेल्या कामगाराला हे वाक्य नवे नाही! १९८२ मध्ये शेजारी राष्ट्रांनी नाउरू करार केला. पुढे तुवालूही त्यात आले आणि आठजण झाले. २००७ पासून त्यांनी मासेमारीचे दिवस मोजून विकायला आरंभ केला; दिवस मर्यादित आणि किमान दर सर्वांचा एक. २०१२ साली दिवसाला ५,००० अमेरिकी डॉलर, २०१५ साली ८,०००. मासा तोच, समुद्र तोच. बदलली ती फक्त एकी.

आता मात्र समुद्रच चढतो आहे. २०२३ च्या ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारान्वये वर्षाला २८० माणसांना तिथे जाऊन राहता येते. ज्याला जायचे त्याने जावे. बुडत्याला थांब म्हणण्याचा अधिकार कोणाला? पण धूर सोडला मोठ्या देशांनी आणि घर सोडायचे यांनी, हा कुठला हिशेब? त्याच वर्षी तुवालूने घटनेत लिहून ठेवले, की जमीन गेली तरी आमचे राष्ट्र कायम राहील.

‘तुवालू’ म्हणजे आठजण एकत्र उभे. जुनी वस्ती आठ बेटांवर होती. नववे मागाहून वसले. माशांच्या सौद्यात आठ राष्ट्रे पुरली. समुद्राशी मात्र सौदा होत नाही. तो धूर सोडणाऱ्यांशीच करावा लागेल, आणि तिथे आठजण पुरणार नाहीत. नववे उभे राहणार कोण, एवढेच मला आपणांस विचारायचे आहे.