हनुवटीला लागलेला मार

मूल खेळताना तोंडावर पडतं, हनुवटी फुटते. दोन टाके पडतात, जखम भरते आणि घरातले सगळे ती गोष्ट विसरून जातात. हनुवटीला बसलेला धक्का मात्र हाडातून वर, थेट कानापुढच्या जबड्याच्या सांध्यापर्यंत पोचलेला असतो. तिथलं हाडाचं गोलसर टोक मोडलं आणि सांध्यात रक्त साकळलं, तर पुढे काही महिन्यांत, कधी वर्षांत, त्या जागी नवं हाड तयार होतं आणि जबडा कवटीला चिकटून बसतो. कान फुटून आत पसरलेल्या संसर्गामुळेही असं होऊ शकतं.

हे एका दिवसात घडत नाही, म्हणूनच लक्षात येत नाही. आधी पेरू चावता येत नाही. मग भाकरी वरणात कुस्करून बोटानं गालात सारावी लागते. ब्रश आत जात नाही, दात किडतात. ‘जेवताना नखरे करतो’ म्हणून धपाटे खाणारी मुलंही यात असतात. जबड्याची वाढ या सांध्यावर बरीच अवलंबून असल्यानं हनुवटी लहान, मागे गेलेली राहते. जीभ मागे सरकते, श्वासाची वाट अरुंद होते. असं मूल रात्री घोरत असेल, तर त्याला गाढ झोप लागली आहे असं समजू नये.

घरी करण्याजोगी परीक्षा सोपी आहे. मुलाची स्वतःची तीन बोटं, एकावर एक उभी धरून, पुढच्या दातांमध्ये जायला हवीत. (गुटखा-सुपारीनंही तोंड उघडेनासं होतं, पण तिथे गालाच्या आतलं अस्तर आखडतं. तो आजार वेगळा, उपचारही वेगळे.)

शेकानं किंवा मालिशनं जुळलेलं हाड सुटत नाही. शस्त्रक्रियाच करावी लागते. तोंड उघडत नसल्यानं भूल देणं हेच मोठं कौशल्याचं काम. बहुधा नाकातून बारीक दुर्बीण घालून श्वासनलिकेत नळी बसवतात. कानापुढे छेद घेऊन, चेहरा हलवणारी नस जपत, हाडाचा गठ्ठा कापून काढतात. मोकळ्या जागेत कानशिलाच्या स्नायूचा पदर बसवतात, म्हणजे हाडं पुन्हा जुळू नयेत. वाढत्या वयात काही वेळा बरगडीचा कूर्चेसकट तुकडा लावतात. टेबलावरच तोंड साधारण साडेतीन सेंटीमीटर उघडलं पाहिजे, असा आमचा आग्रह असतो.

खरी कसोटी त्यानंतर लागते. काही दिवसांतच व्यायाम सुरू होतो. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चवड दातांमध्ये धरायची आणि एकेक काडी वाढवत जायचं. दिवसातून अनेकदा, किमान सहा महिने ते वर्षभर. दुखतं. मूल रडतं, आईचा जीव तुटतो आणि आजी म्हणते, ‘राहू दे गं आज.’ असे चार ‘आज’ झाले की फट आखडू लागते. पुन्हा चिकटलेला सांधा सोडवणं पहिल्यापेक्षा अवघड असतं.

म्हणून दवाखान्यातून घरी जाताना तोंड किती मिलिमीटर उघडतं, तो आकडा मागून घ्या आणि वहीत लिहा. व्यायाम करूनही तो घटू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता मुलाला घेऊन या.