एका उंबरठ्यावरची तीन पारपत्रे
(व्याख्यानाचे शब्दांकन)



स्थलांतर हा शब्द आपण फार सहजपणे उच्चारतो. बिऱ्हाड हलले, की झाले स्थलांतर! आज ज्या प्रवासाविषयी मी बोलणार आहे, तो मात्र तीन पिढ्यांना पुरला, आणि त्यात घराण्यांना देश एकदा नव्हे, दोनदा बदलावा लागला. युगांडातील भारतीयांचा तो प्रवास होय.

आजोबा निघाले ते पोरबंदर किंवा मांडवीहून, शिडाच्या गलबतातून. हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला, की ही गलबते आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे वळत. तेथे १८९६ साली मोंबासाहून लोहमार्ग घालण्यास प्रारंभ झाला होता. त्यासाठी सुमारे ३२ हजार भारतीय मजूर, बहुतांशी पंजाबातील, करारावर नेण्यात आले. त्यांपैकी अडीच हजारांच्या आसपास तेथेच मृत्युमुखी पडले. १९०१मध्ये रूळ व्हिक्टोरिया सरोवराला भिडले आणि त्या रुळांच्या आधाराने आपले व्यापारी आत शिरले. नानजी कालिदास मेहता यांनी १९२४ साली लुगाझी येथे साखर कारखाना उभारला, हे सर्वज्ञात आहे. परंतु प्रत्येक दुकानदार काही नानजीशेठ होत नसतो. बहुतेकांचे पुढे दुकान आणि मागे घर.

४ ऑगस्ट १९७२ रोजी इदी अमीनने घोषणा केली, की आशियाई लोकांनी ९० दिवसांत देश सोडावा. हिंदू, मुसलमान, शीख, गोव्याहून गेलेले ख्रिस्ती, सारेच त्यात आले. स्थानिक समाजाशी आपण दुकानाच्या फळीपलीकडे फारसे नाते जोडले नव्हते, हेही येथे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. अन्याय त्याने तसूभरही कमी होत नाही.

लुटीच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. कंपालाहून एंटेबी विमानतळ जेमतेम ३५ किलोमीटर, पण वाटेत ठायीठायी सैनिकांच्या चौक्या, आणि प्रत्येक चौकीवर घड्याळ, बांगड्या, मंगळसूत्र उतरवले जाई. कुटुंबामागे पन्नासएक पौंड तेवढे नेता येत. मला अधिक विदारक वाटते ती कागदांची कथा. एकाच घरात आजी भारतीय पारपत्राची, सून ब्रिटिश पारपत्राची, आणि मुलगा युगांडाचा नागरिक! १९६२ साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा त्याने विश्वासाने त्या देशाचे नागरिकत्व घेतले होते. तपासणीच्या खिडकीवर क्षुल्लक त्रुटी काढून असे कागद रद्द केले जात, आणि तो माणूस कोणत्याच देशाचा उरत नसे. ज्याने त्या भूमीवर सर्वाधिक विश्वास टाकला, तोच सर्वाधिक उघडा पडला.

मग उंबरठ्यावरच वाटा फुटल्या. १८ सप्टेंबरला पहिले विमान लंडनजवळच्या स्टॅनस्टेड येथे उतरले. सुमारे २८ हजार लोक ब्रिटनमध्ये गेले आणि जुन्या लष्करी तळांवरील छावण्यांत राहिले. लेस्टरच्या नगरपालिकेने तर युगांडाच्या वृत्तपत्रात जाहिरात देऊन 'आमच्या शहरात येऊ नका' असे कळवले होते! (लोक गेलेच, आज त्याच लेस्टरची दिवाळी पाहायला दुरून माणसे येतात.) सून मुलांना घेऊन अशा एखाद्या छावणीत. तिचा नवरा मात्र राष्ट्रहीन. त्याला संयुक्त राष्ट्रसंघाने ऑस्ट्रिया, इटली, माल्टा अशा ठिकाणी उघडलेल्या छावण्यांत ठेवलेले. अशा कित्येक पतींना पत्नीपाशी पोहोचायला वर्षाहून अधिक काळ लागला. कंपाला ते लंडन विमानाचा प्रवास एका दिवसाचा. या घरांसाठी तो दोन-दोन हिवाळ्यांचा झाला.

आणि आजी? भारतात परतणाऱ्यांसाठी कंपालाहून मोंबासापर्यंत विशेष गाड्या सोडण्यात आल्या. तेथून बोटीने मुंबई. ज्या मार्गासाठी आपल्या मजुरांनी प्राण वेचले, ज्याच्या आधाराने तिचे सासरे आत गेले होते, त्याच मार्गावरून ती ट्रंकेवर हात ठेवून बाहेर पडली. मुंबईच्या धक्क्यावर अधिकाऱ्याने विचारले, "घरी कोण कोण?" तिने बोटे मोजायला सुरुवात केली, आणि प्रत्येक बोटाला एकेका देशाचे नाव घ्यावे लागले.