स्क्रीनवर १४.२००, पण रेडिओ भलतीकडेच

आजचा भाग जरा सोल्डरच्या धुराच्या वासाचा आहे. प्रोग्रामिंग येत नसलं तरी ऐका. एक गुणाकार आला की पुरे.

गेल्या वर्षी मी घरी रेडिओ बनवला. साधा नाही, सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ, म्हणजे एसडीआर. हॅम मंडळींच्या गप्पा ऐकायला. आणि एका ओळीच्या चुकीमुळे तो माळ्यावर जाता जाता वाचला. ती ओळ मीच लिहिली होती.

आधी हा रेडिओ चालतो कसा, ते सांगतो. अँटेनातून सगळ्या स्टेशनांचा कालवा आत येतो. रेडिओच्या आत आपण आपली एक फ्रिक्वेन्सी तयार करतो. ती आलेल्या सिग्नलशी मिसळली की हवा तो भाग इतका खाली उतरतो, की लॅपटॉपचं साउंड कार्ड तो घेऊ शकतं. त्यातून आवाज वेगळा काढायचं उरलेलं काम लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर करतं.

ही आतली फ्रिक्वेन्सी तयार करते एसआय५३५१ नावाची नखाएवढी चिप. तिला हुकूम सोडतो आर्डुइनो नॅनो, फक्त दोन तारांवरून. आणि नॅनोमध्ये जो प्रोग्राम बसलेला असतो, ते फर्मवेअर.

फर्मवेअर मी शून्यातून लिहिलं नाही. कोण लिहितं? एका साध्या रेडिओसाठी कुणीतरी खुलं ठेवलेलं घेतलं. नॉब फिरवा, आकडा बदला, चिपला सांगा, एवढंच त्याचं काम. पण माझ्या रिसीव्हरला चौपट फ्रिक्वेन्सी हवी होती.

चौपट का? तर या जातीच्या रिसीव्हरला एकाच फ्रिक्वेन्सीच्या दोन प्रती लागतात, एकमेकींपासून बरोबर ९० अंशांनी सरकलेल्या. नाहीतर मधल्या आकड्याच्या वरचं स्टेशन आणि खालचं स्टेशन एकमेकांवर चढतात. ९० अंश म्हणजे पूर्ण चक्राचा पाव भाग. म्हणून चौपट फ्रिक्वेन्सी घ्यायची, ७४एसी७४ सारख्या चिपने तिला चारने भागायचं, की दोन्ही प्रती तयार.

शिवाय मी वापरत होतो त्या लायब्ररीला फ्रिक्वेन्सी हर्ट्झमध्ये नाही, हर्ट्झच्या शंभराव्या भागात द्यावी लागते. म्हणजे गुणिले ४, गुणिले १००. मी एका ओळीत बदल केला: फ्रिक्वेन्सी गुणिले ४००. झालं!

आणि खरंच झालं. त्याच संध्याकाळी ७.१ मेगाहर्ट्झवर आवाज आले. मी घरभर नाचलो. आई म्हणाली, "एवढ्यासाठी रात्रभर जागलास?"

मग १४ मेगाहर्ट्झचा पट्टा लावला. नुसती खरखर.

आमच्या दोन गल्ल्या पलीकडे एक काका राहतात, जुने परवानाधारक हॅम. रविवारी सकाळी ते खास माझ्यासाठी १४.२०० वर बोलायला बसले. माझ्या स्क्रीनवर १४.२०० आणि कानात फक्त सुस्स. फोनवर काका म्हणाले, "अरे बाळा, दोन गल्ल्यांचं अंतर! मी खिडकीतून ओरडलो तरी ऐकू येईल."

मी सगळा दोष हार्डवेअरला दिला. इनपुटचा फिल्टर सोडवला. कॉइल तीनदा गुंडाळली. तिसऱ्यांदा सोल्डर काढताना बोर्डावरची तांब्याची पट्टीच उखडली. दोन आठवडे गेले. शेवटी डबा घेऊन काकांकडे गेलो आणि म्हटलं, "हा ठेवा तुमच्याकडे सुट्या भागांसाठी."

काकांनी बोर्डाकडे पाहिलंच नाही. स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "हा आकडा त्यानं मोजलाय, की तू सांगितलेला परत दाखवतोय?"

मी गप्प. कारण तो मी सांगितलेलाच होता. चिपमधून नेमकं काय बाहेर पडतंय, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

काकांनी फ्रिक्वेन्सी काउंटर लावला. १४.२ ची चौपट, म्हणजे ५६.८ मेगाहर्ट्झ दिसायला हवे होते. काउंटर म्हणाला १३.८५. चारने भागा. माझा रेडिओ ३.४६ मेगाहर्ट्झवर बसला होता!

आता गंमत बघा. ५६.८ वजा १३.८५, किती? ४२.९५. हा आकडा कुठून आला?

जुन्या स्कूटरचं किलोमीटरचं मीटर आठवा. ९९९९९ झाले की पुढे ०००००. फर्मवेअरमध्ये फ्रिक्वेन्सी ३२ बिटांच्या खान्यात ठेवली होती. त्या खान्यात सगळ्यात मोठा आकडा मावतो तो ४,२९,४९,६७,२९५. हर्ट्झच्या शंभराव्या भागात मोजलं तर ४२.९५ मेगाहर्ट्झ. त्यापुढे गेलं की मीटर परत शून्यावर. ७.१ गुणिले ४ म्हणजे २८.४, ते मावलं. ५६.८ मावलं नाही. कंपायलरने चूक दाखवली नाही, काही जळलं नाही, स्क्रीनवर आकडा बरोबर.

दुरुस्ती? ४०० च्या पुढे तीन अक्षरं: यूएलएल. म्हणजे हा गुणाकार ६४ बिटांत कर. तांब्याच्या पट्टीच्या जागी एक बारीक तार जोडली, आणि काकांचा आवाज आला. जरा नाकातून बोलल्यासारखा, पण आला.

तो नाकातला आवाजही फर्मवेअरचाच. चिपला ताल देणारा २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल तंतोतंत २५ चा कधीच नसतो. दहा लाखांत २० चा फरक असला, तरी १४.२ वर २८४ हर्ट्झ सरकतात. रात्री १० मेगाहर्ट्झवर चीनचं बीपीएम हे वेळेचं केंद्र टिकटिकताना सापडलं. त्याची फ्रिक्वेन्सी पक्की असते, म्हणून त्याच्याशी जुळवून फर्मवेअरमधला दुरुस्तीचा आकडा बदलला.

तर तुम्ही कुणाचं फर्मवेअर घेऊन बदलणार असाल, तर तीन गोष्टी करा. एका वेळी एकच बदल करा, आणि जुनी प्रत जपून ठेवा. कुठेही गुणाकार वाढवला, की सगळ्यात मोठा आकडा कागदावर मांडा आणि तो खान्यात मावतो का बघा. आणि सोल्डरिंग गन हातात घ्यायच्या आधी चिपमधून खरंच काय बाहेर येतंय ते मोजा. काउंटर नसेल तर दुसऱ्या रेडिओवर ऐका.

बाकी, ऐकून ऐकून बोलावंसं वाटलं तर त्यासाठी सरकारी परवाना लागतो, परीक्षा असते. काका सध्या माझी तयारी करून घेतायत. त्या गमती पुढच्या भागात. तोवर तुमचा एखादा प्रोजेक्ट माळ्यावर पडला असेल, तर खाली काढा. भेटूच!